अठराव्या शतकांतील इंग्लंडचे वकील-मुत्सद्दी : त्यांच्या वचनांचें प्रामाण्य

‘वकील’ हा शब्द मराठी दप्तरें वाचणारांच्या नित्य परिचयाचा आहे. पेशवाईच्या कागदांत हैदराबादेस गोविंदराव काळे वकील आहेत, दिल्लीस हिंगणे वकील आहेत, आणि पुण्यास इंग्रजांकडून आलेला मॅलेट हाहि वकीलच आहे. परदरबारीं राहून धन्याची बाजू मांडणारा, धन्याचें हित पाहणारा व तेथील वर्तमान धन्यास कळविणारा तो वकील, असा त्या काळचा मुख्य अर्थ होता. न्यायाच्या कचेरींत पक्षकाराची बाजू मांडणारा हा अर्थ पुढें इंग्रजी अमलांत प्रधान झाला. म्हणजे आमच्याकडे राजकारणांतला शब्द न्यायालयांत गेला. इंग्लंडांत अठराव्या शतकांत याच्या उलट घडत होतें. तेथें न्यायालयांतला माणूस राजकारणांत जात होता आणि तो इतक्या संख्येनें व इतक्या उंच जागीं जात होता कीं, त्या शतकाच्या उत्तरार्धाचा इंग्रजी राज्यकारभार या वर्गास वगळून सांगतांच येत नाहीं.

दोन्ही ठिकाणच्या वकिलांत एक धर्म समान आहे: दोघेहि दुसऱ्याचें म्हणणें बोलून दाखवितात. तेव्हां संशोधकापुढें प्रश्न येतो तो हा कीं, अशा माणसाचें भाषण किंवा पत्र हातीं आलें असतां तें त्याच्या स्वतःच्या मताचा पुरावा म्हणून धरावें, कीं त्याच्या अशिलाच्या गरजेचा? हा प्रश्न केवळ परक्या देशाच्या इतिहासाचा नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनीं हिंदुस्थानांत केलेल्या कृत्यांचा न्याय ज्या सभांत झाला, त्या सभांत हेच लोक बोलत होते. त्यांच्या वचनांची पारख कोणत्या कसोटीनें करावी, हें ठरविण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे.

आमच्या शास्त्रांत या पारखेचीं साधनें तयार आहेत. न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालते तो वाद. जयासाठीं चालते तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न स्थापितां परपक्षाचें खंडन करणें ती वितंडा. मीमांसकांनींहि विधि आणि अर्थवाद असा भेद केला आहे. अर्थवादांत स्तुति किंवा निंदा असते. त्याला स्वतंत्र प्रामाण्य नसतें. तो विधीच्या आश्रयानें उभा राहतो. कोर्टांतील वकिलाचें भाषण हें जात्याच जल्प होय, आणि त्यांतील स्तुति-निंदा अर्थवाद होय. यांत त्याचा दोष नाहीं. तें त्याचें नियत कर्म आहे. परंतु तोच माणूस पार्लमेंटांत उभा राहिला म्हणजे लोक त्याच्या बोलण्यास वाद समजतात. घोटाळा येथें सुरू होतो.

प्रथम या लोकांच्या बढतीचा मार्ग पाहूं. बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्यास लंडनांतील लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या चार संस्थांपैकीं एकींत नांव दाखल करावें लागे. कॉमन्स सभेच्या सभासदांस त्या काळीं वेतन नव्हतें. तें १९११ सालीं सुरू झालें. त्यामुळें सभेंत मुख्य भरणा जमीनदार घराण्यांतील गृहस्थांचा असे. त्यांच्यापाशीं द्रव्य असे, पण कायद्याच्या मसुद्यांतील खाचाखोचा उलगडून दाखविण्याची शक्ति फार थोड्यांपाशीं असे. प्रधानमंडळास अशा बोलक्या व कायदा जाणणाऱ्या माणसांची सदैव गरज पडे, आणि वकिलास बढतीची. या परस्परगरजेंतून एक शिडी तयार झाली होती. पहिली पायरी सॉलिसिटर जनरल, दुसरी ॲटर्नी जनरल, पुढें कॉमन प्लीज किंवा किंग्ज बेंच या न्यायालयाचें मुख्य न्यायाधीशपद, आणि अखेरची पायरी लॉर्ड चॅन्सेलर. हा चॅन्सेलर एकाच वेळीं चॅन्सरी न्यायालयाचा प्रमुख, मंत्रिमंडळाचा सभासद आणि लॉर्ड्स सभेचा अध्यक्ष असे. ही त्रिविध व्यवस्था २००५ च्या कायद्यानें मोडेपर्यंत चालली.

या शिडींतील एक भेद विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सॉलिसिटर जनरल, ॲटर्नी जनरल व चॅन्सेलर हे राजाच्या व प्रधानाच्या मर्जीवर राहत. न्यायाधीशाचें तसें नव्हतें. १७०१ च्या वारसाहक्काच्या कायद्यानें असें ठरलें होतें कीं, न्यायाधीशाचें वर्तन चांगलें आहे तोंवर त्याची जागा कायम. पार्लमेंटच्या दोन्ही सभांनीं विनंति केल्यावांचून त्यास काढतां येऊं नये. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यांत कांहीं वर्षें मर्जीचीं आणि कांहीं वर्षें निर्भयतेचीं असत. त्याचा कागद कोणत्या वर्षांचा, हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ लावणें धोक्याचें आहे.

दुसरी अडचण साधनांची आहे. पार्लमेंटांतील भाषणें छापणें हा १७७१ पर्यंत सभेच्या अधिकाराचा भंग समजला जाई. त्या वर्षीं लंडनच्या छापखानेवाल्यांस धरण्याचा कॉमन्स सभेनें यत्न केला. शहराच्या अधिकाऱ्यांनीं त्यांचा पक्ष घेतला, आणि लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यास टॉवरांत कैदेंत जावें लागलें. पण त्यानंतर भाषणें छापण्यास खरा प्रतिबंध राहिला नाहीं. तत्पूर्वींचीं भाषणें आपणांस बहुधा स्मरणानें लिहिलेल्या टिपणांतून मिळतात. यास मोठा अपवाद सर हेन्री कॅव्हेंडिश या सभासदाचा. त्यानें १७६८ पासून १७७४ पर्यंतच्या पार्लमेंटांत बसून वादविवाद लघुलेखनानें टिपून ठेविले. त्या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या एजर्टन संग्रहांत आहेत. ही सहा-सात वर्षें आमच्या विषयाचीं ऐन मध्यांतलीं असल्यामुळें त्या वह्यांचें मोल विशेष आहे.

आतां माणसांकडे वळूं. अलेक्झांडर वेडरबर्न हा १७३३ सालीं स्कॉटलंडांत जन्मला. एडिंबरो येथें वकिली करीत असतां १७५७ सालीं एका वरिष्ठ वकिलाशीं भर कोर्टांत त्याचा कलह झाला; तेव्हां अंगावरचा झगा उतरून ठेवून तो निघाला तो लंडनास आला. स्कॉच उच्चार जावेत म्हणून त्यानें टॉमस शेरिडनपाशीं वक्तृत्वाचे धडे घेतले. १७६१ सालीं लॉर्ड ब्यूटच्या आश्रयानें तो पार्लमेंटांत शिरला. पुढें १७६९ सालीं विल्क्सच्या निवडणुकीच्या तंट्यांत त्यानें सरकारविरुद्ध मत दिलें, आणि तें आपल्या आश्रयदात्यास न रुचल्यामुळें सभेंतील जागा सोडली. लोकांनीं त्यास देशाभिमानी म्हणून डोक्यावर घेतलें. क्लाइव्हच्या वजनाखालीं असलेल्या बिशप्स कॅसल या मतदारसंघांतून १७७० त तो पुन्हां निवडून आला. आणि १७७१ च्या जानेवारींत ज्या लॉर्ड नॉर्थवर तो तोंडसुख घेत होता, त्याच नॉर्थच्या हाताखालीं तो सॉलिसिटर जनरल झाला.

या माणसाचें सर्वांत गाजलेलें भाषण १७७४ च्या जानेवारीच्या २९ तारखेस प्रिव्ही कौन्सिलपुढें झालें. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन व त्याचा दुय्यम ऑलिव्हर यांनीं इंग्लंडांत पाठविलेलीं खासगी पत्रें बेंजामिन फ्रँकलिनच्या हातीं लागलीं होतीं. तीं त्यानें बॉस्टनला धाडलीं, आणि तेथें तीं छापून प्रसिद्ध झालीं. वसाहतीच्या सभेनें या दोघांस काढून टाकण्याविषयीं अर्ज केला. अर्जदारांच्या बाजूनें डनिंग व ली हे दोन वकील होते; हचिन्सनच्या बाजूनें वेडरबर्न होता. पत्रांत काय लिहिलें आहे व तें वसाहतीच्या स्वातंत्र्यास घातक आहे कीं नाहीं, हा खरा वादविषय. त्याकडे पाठ फिरवून वेडरबर्ननें सुमारें एक तासभर फ्रँकलिनची निर्भर्त्सना केली: पत्रें चोरीचीं, घेणारा चोर, असा एकच सूर. फ्रँकलिन मुकाट्यानें उभा होता. अर्ज फेटाळला गेला, आणि फ्रँकलिनकडील पोस्टखात्याचें काम लागलीच काढून घेण्यांत आलें. न्यायसूत्रांच्या भाषेंत ही शुद्ध वितंडा होय. कौन्सिलांतील लॉर्ड त्या दिवशीं हंसले. पण त्या हंसण्यानें एक मुत्सद्दी दुरावला, जो चार वर्षांनीं, १७७८ च्या फेब्रुवारींत, फ्रान्सशीं मैत्रीचा तह करून आला. वकिलानें मुकदमा जिंकला आणि अशिलाचें, म्हणजे राज्याचें, नुकसान केलें.

जॉन डनिंग हा याच्याहून निराळ्या वळणाचा. डेव्हनशर परगण्यांतील ॲशबर्टन गांवच्या एका ॲटर्नीचा हा मुलगा १७३१ सालीं जन्मला. त्याचें नांव प्रथम गाजलें तें आपल्या देशाशीं संबद्ध अशा कामांत: डच कंपनीच्या तक्रारींस उत्तर म्हणून इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें त्यानें १७६२ सालीं एक निबंध लिहिला. १७६८ त तो सॉलिसिटर जनरल झाला आणि १७७० त ती जागा सोडून विरोधी पक्षास मिळाला. १७८० च्या एप्रिलच्या ६ तारखेस कॉमन्स सभेंत त्यानें तो सुप्रसिद्ध ठराव मांडला कीं, राजाचें वजन वाढलें आहे, वाढत आहे आणि तें कमी केलें पाहिजे. अमेरिकेचें युद्ध चालू असतां, प्रधानमंडळ विरुद्ध असतां, हा ठराव २३३ विरुद्ध २१५ मतांनीं पास झाला.

परंतु याच डनिंगच्या चरित्रांत एक प्रसंग असा आहे कीं, तो पाहून वकिलाच्या वचनाचें स्वरूप एकदम डोळ्यांपुढें यावें. १७७१ सालीं टॉमस लुइस नांवाच्या एका काळ्या माणसास पळवून जहाजावर चढविल्याबद्दल खटला झाला. त्यांत डनिंग लुइसच्या बाजूनें उभा होता. ग्रॅनव्हिल शार्प या परोपकारी गृहस्थाचें दास्यविरोधी पुस्तक हातांत धरून त्यानें सांगितलें कीं, इंग्लंडांत माणसावर माणसाची मालकी चालत नाहीं. पुढल्याच वर्षीं, १७७२ त, जेम्स सॉमरसेट या गुलामाचा मोठा मुकदमा किंग्ज बेंचपुढें आला, तेव्हां हाच डनिंग मालकाच्या बाजूनें उभा राहिला. शार्पला याचा अत्यंत संताप आला. आम्हांस वाटतें, वकिलीच्या रिवाजाप्रमाणें डनिंगला अपराधी म्हणतां येणार नाहीं. ज्यानें आधीं वकीलपत्र दिलें त्याची बाजू त्यानें मांडली. पण जो इतिहासकार १७७१ चें भाषण उचलून डनिंगचें गुलामगिरीविषयींचें मत म्हणून छापील, त्याला दुसरा कोणी १७७२ चें भाषण काढून दाखवील, आणि दोघेहि सारखेच चुकतील. उलटपक्षीं १७८० चा ठराव कोणा अशिलाचा नव्हता. त्याबद्दल फी मिळालेली नव्हती. त्यानें डनिंगला राजाची इतराजी मात्र मिळाली. म्हणून तो ठराव त्याचा स्वतःचा सिद्धान्त, आणि कोर्टांतलीं दोन भाषणें दोन पूर्वपक्ष, असा विवेक करावा लागतो.

हिंदुस्थानच्या कामांत हा विवेक अधिकच जरूर आहे. १७७३ च्या मे महिन्यांत बर्गॉइननें कॉमन्स सभेंत क्लाइव्हविरुद्ध ठराव आणले. त्या वेळीं ॲटर्नी जनरल एडवर्ड थर्लो होता आणि सॉलिसिटर जनरल वेडरबर्न. एकाच सरकारचे हे दोन कायदेपंडित परस्परांविरुद्ध उभे राहिले. थर्लोनें क्लाइव्हवर कडक हल्ला केला. वेडरबर्ननें त्याचा बचाव केला, आणि क्लाइव्हनें देशाची थोर सेवा केली हें शेवटचें वाक्य सभेकडून त्यानेंच मंजूर करविलें. ज्याच्या कृपेनें बिशप्स कॅसलची जागा मिळाली, त्याच्याच बचावाचें हें भाषण आहे, हें मागील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच.

पंधरा वर्षांनीं तेच दोघे वॉरन हेस्टिंग्जच्या खटल्यांत दिसतात. बर्कनें १७८६ सालीं कॉमन्स सभेपुढें हेस्टिंग्जवर बावीस आरोप मांडले. त्यांत बादशहास मराठ्यांच्या हवालीं केल्याचा एक आणि मराठ्यांशीं झालेलें युद्ध व तह यांविषयींचा एक, असे दोन आमच्या इतिहासाशीं थेट निगडित आहेत. परंतु लॉर्ड्स सभेपुढें पुरावा झाला तो मुख्यतः काशीचा राजा, अयोध्येच्या बेगमा, नजराणे आणि मक्ते या बाबींचा. सालबाईच्या तहाचें प्रकरण न्यायाच्या कांट्यावर चढलेंच नाहीं. १७८८ च्या फेब्रुवारीच्या १३ तारखेस खटला सुरू झाला, तेव्हां अध्यक्षस्थानीं चॅन्सेलर या नात्यानें थर्लो होता. पुढें १७९२ त त्याची जागा गेली, आणि १७९३ त वेडरबर्न, जो आतां लॉर्ड लफबरो झाला होता, चॅन्सेलर झाला. १७९५ च्या एप्रिलच्या २३ तारखेस निकाल लागला. अवघ्या २९ सरदारांनीं मत दिलें, आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. त्या वेळीं थर्लो हेस्टिंग्जच्या बाजूचा मुख्य आधार होता, आणि लफबरोनें कांहीं बाबींवर तो दोषी असें मत दिलें. १७७३ त जो कंपनीच्या सेनापतीचा भक्षक तो १७९५ त कंपनीच्या गव्हर्नराचा रक्षक; जो तेव्हां रक्षक तो आतां भक्षक. दोन माणसें निराळीं, दोन प्रकरणें निराळीं, हें खरें. तरी या दोघांपैकीं कोणाचेंहि भाषण हिंदुस्थानविषयीं त्याच्या स्थिर मताचा पुरावा म्हणून घेण्यापूर्वीं संशोधकानें थांबून विचार केला पाहिजे.

येथें एक आनुषंगिक गोष्ट सांगितली पाहिजे. हा खटला सात वर्षें चालण्याच्या अनेक कारणांत पुराव्याच्या नियमांचा घोळ हें एक होतें. साधारण न्यायालयांत जो कागद पुराव्यांत घेत नाहींत, तो लॉर्ड्स सभेनेंहि घेऊं नये, असा हेस्टिंग्जच्या वकिलांचा आग्रह. त्यांचा अग्रणी एडवर्ड लॉ हा पुढें लॉर्ड एलेनबरो व किंग्ज बेंचचा मुख्य न्यायाधीश झाला. ग्वाल्हेरवर १८४३ सालीं स्वारी करणारा गव्हर्नर जनरल एलेनबरो हा त्याचाच मुलगा. बर्क मिडल टेंपलांत दाखल झाला होता, पण बॅरिस्टर झाला नाहीं. पार्लमेंट हें खालच्या कोर्टांच्या नियमांनीं बांधलेलें नाहीं, असें त्यानें १७९४ च्या आपल्या अहवालांत प्रतिपादिलें. या वादांत दोन्ही पक्षांस कांहींसें सत्य आहे. परंतु संशोधकाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, त्या खटल्याच्या दप्तरांत जो कागद नाहीं तो अस्तित्वांतच नव्हता असें नव्हे. वकिलांच्या हरकतीनें बाहेर राहिलेला कागदहि असूं शकतो.

येथवर वकिली वृत्तीची एक बाजू पाहिली. आतां दुसरी. चार्लस प्रॅट ऊर्फ लॉर्ड कॅम्डन हा १७१४ सालीं जन्मला. त्याचा बाप किंग्ज बेंचचा मुख्य न्यायाधीश होता. ईटन शाळेंत थोरल्या पिटशीं त्याचा स्नेह जडला. पिटच्या हातीं कारभार आल्यावर १७५७ त तो ॲटर्नी जनरल झाला. १७६२ च्या आरंभीं त्यास कॉमन प्लीजचें मुख्य न्यायाधीशपद मिळालें. तेथें त्याच्यापुढें आलेला एन्टिकचा मुकदमा जुने कागद जपणाऱ्या प्रत्येक माणसानें मुळांतून पाहण्यासारखा आहे. जॉन एन्टिक हा ‘मॉनिटर’ नांवाच्या सरकारविरोधी पत्रांत लिहीत असे. १७६२ च्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस नॅथन कॅरिंग्टन व दुसरे तीन राजदूत लॉर्ड हॅलिफॅक्सचा हुकूम घेऊन त्याच्या घरांत शिरले, चार तास पेट्या-कपाटें फोडून कागद धुंडाळले आणि पुष्कळ कागद घेऊन गेले. एन्टिकनें नुकसानभरपाईची फिर्याद केली. ज्यूरीनें ३०० पौंड ठरविले. कायद्याचा प्रश्न कॅम्डनपुढें आला. त्याचा निकाल त्यानें १७६५ सालीं दिला.

सरकारी वकिलांचे मुद्दे दोन: असे हुकूम १६८८ च्या राज्यक्रांतीपासून निघत आले आहेत, आणि राज्याच्या रक्षणास ते अवश्य आहेत. कॅम्डननें पहिल्यास असें उत्तर दिलें कीं, एका कचेरीचा रिवाज म्हणजे कायदा नव्हे. अशा हुकुमास कायद्याच्या पुस्तकांत आधार असेल तर दाखवा. आधार नसेल तर तेंच उत्तर. दुसऱ्याविषयीं तो म्हणतो कीं, राज्याची गरज हें कारण देशाचा कायदा ओळखत नाहीं. शिवाय माणसाचे खासगी कागद चाळून त्याच्याविरुद्ध पुरावा काढणें म्हणजे त्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणें होय, आणि यांत दोषी-निर्दोषी दोघेहि सारखेच भरडले जातात. हा निकाल केवळ एन्टिकपुरता राहिला नाहीं. अमेरिकेच्या घटनेंतील झडतीविषयींच्या चौथ्या दुरुस्तीच्या (१७९१) मागें याची स्मृति होती, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८८६ सालीं नमूद केलें आहे.

आमच्या मतें हा निकाल लिहितांना कॅम्डन वकील राहिला नव्हता, पण वकिलीचें शिक्षण त्याच्या कामीं आलें. रिवाज आणि प्रमाण यांतील भेद काढणें, आधार मागणें, आणि आधार न मिळाल्यास अधिकाऱ्याच्या दबदब्यास न भिणें ही सर्व बारची शिस्त. तिला न्यायासनाच्या निर्भयतेची जोड मिळाली, तेव्हां तिच्यांतून सिद्धान्त निघाला.

याच कॅम्डनचें पुढील वर्तन पाहिलें म्हणजे जागेचें महत्त्व पटतें. १७६६ सालीं लॉर्ड्स सभेंत त्यानें सांगितलें कीं, प्रतिनिधित्व नाहीं तेथें कर बसविण्याचा अधिकार नाहीं. त्याच वर्षीं तो चॅन्सेलर झाला. १७६७ त त्याच्याच प्रधानमंडळानें अमेरिकेवर नव्या जकाती बसविल्या, आणि १७६९ त विल्क्सला सभेंतून काढलें. कॅम्डन जागेवर राहिला आणि गप्प राहिला. १७७० च्या जानेवारींत मात्र त्यानें लॉर्ड्स सभेंत उघड सांगितलें कीं, हे प्रकार आपण फार दिवस मनांत जळत पण मुक्यानें पाहत होतों. त्याच महिन्याच्या १७ तारखेस त्याच्याकडून राजमुद्रा काढून घेतली गेली. न्यायासनावर जो निर्भय होता तो मर्जीच्या खुर्चीवर तीन वर्षें मूक झाला. आणि बोलला तो जागेचें मोल देऊन बोलला.

त्या राजमुद्रेची पुढील कथा करुण आहे. ती घेण्याचा आग्रह राजानें चार्लस यॉर्क याजपाशीं धरला. हा लॉर्ड हार्डविक या नामांकित चॅन्सेलराचा मुलगा. बापाची जागा मिळवावी ही त्याची जन्मभराची इच्छा. परंतु त्याचा भाऊ व त्याचे सर्व मित्र विरोधी पक्षांत होते, आणि जागा न घेण्याचें वचन त्यानें त्यांस दिलें होतें. राजाच्या शब्दापुढें तें टिकलें नाहीं. १७ जानेवारीस त्यानें मुद्रा घेतली. २० जानेवारीस तो मरण पावला. सरदारकीची सनद मुद्रा उमटण्याची वाट पाहत तशीच राहिली. त्यानें आत्मघात केला अशी वदंता उठली, आणि तिचा निकाल आजवर निर्विवाद लागलेला नाहीं. वचन दुसऱ्याचें आणि इच्छा स्वतःची, या दोहोंत सांपडलेल्या वकिलाचें हें उदाहरण त्या शतकांत एकटेंच आहे.

विल्यम मरे ऊर्फ लॉर्ड मॅन्सफील्ड (१७०५-१७९३) याच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. कारण त्याच्यावर ग्रंथ पुष्कळ आहेत. १७४२ त सॉलिसिटर जनरल, १७५४ त ॲटर्नी जनरल, आणि १७५६ पासून १७८८ पर्यंत बत्तीस वर्षें किंग्ज बेंचचा मुख्य न्यायाधीश. न्यायाधीश असतांहि कांहीं वर्षें तो मंत्रिमंडळांत बसत असे, आणि याबद्दल त्यास दोष देणारे तेव्हांहि होते. बदनामीच्या खटल्यांत मजकूर छापला कीं नाहीं एवढेंच ज्यूरीनें सांगावें, तो बदनामीचा आहे कीं नाहीं हें न्यायाधीश ठरवील, या त्याच्या मतामुळें तो लोकांस अप्रिय झाला. तें मत १७९२ च्या कायद्यानें रद्द झालें, आणि त्या कायद्यास वृद्ध कॅम्डननें जोराचा पाठिंबा दिला. पण सॉमरसेटच्या मुकदम्यांत १७७२ च्या जूनच्या २२ तारखेस याच मॅन्सफील्डनें निकाल दिला कीं, गुलामगिरीस स्पष्ट कायद्यावांचून आधार नाहीं, आणि तसा कायदा इंग्लंडांत नाहीं. म्हणून त्या माणसास सोडून द्यावें.

१७८० च्या जूनमध्यें कॅथलिकांविरुद्ध उठलेल्या दंग्यांत लंडनच्या ब्लूम्सबरी चौकांतील त्याचें घर जमावानें जाळलें. त्यांत त्याचा ग्रंथसंग्रह व स्वहस्तें लिहिलेलीं टिपणें भस्म झालीं. हस्तलिखितें गोळा करणारास या एका वाक्यांतील हानि सविस्तर सांगण्याची गरज नाहीं. त्या दंग्याचा निमित्त झालेला लॉर्ड जॉर्ज गॉर्डन याच्यावर १७८१ च्या फेब्रुवारींत राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां न्यायासनावर मॅन्सफील्डच होता. आरोपी निर्दोष सुटला. ज्याचे कागद जळाले त्याच्याच न्यायालयांत हें घडलें, ही गोष्ट त्याच्या पक्षाच्या व विपक्षाच्या सर्व भाषणांहून आम्हांस अधिक बोलकी वाटते.

मॅन्सफील्ड व कॅम्डन यांचा विरोध ग्रंथव्यवहारांतहि दिसतो. ग्रंथकाराचा हक्क निरवधि चालतो, असें मॅन्सफील्डच्या न्यायालयानें १७६९ त ठरविलें होतें. त्याचा लाभ लंडनच्या पुस्तकविक्यांस होता. १७७४ च्या फेब्रुवारींत डोनाल्डसनच्या मुकदम्यांत हा प्रश्न लॉर्ड्स सभेपुढें आला. विद्या ही कांहीं विक्यांच्या कुलुपांत कोंडण्याची वस्तु नव्हे, अशा आशयाचें भाषण करून कॅम्डननें तें मत उलथून टाकविलें. खासगी कागद हे मालकाचे, पण प्रसिद्ध झालेली विद्या मुदतीनंतर सर्वांची. १७६५ व १७७४ चे हे दोन निर्णय एकाच माणसाच्या विचाराचीं दोन अंगें आहेत, आणि दोहोंचा लाभ संशोधकांस मिळाला आहे.

कोणी म्हणेल, वकील दोन्ही बाजू जाणतो म्हणूनच तो चांगला मुत्सद्दी होतो. त्याच्या बदलत्या भाषणांवरून त्यास हिणवूं नये. हें आम्हांस मान्य आहे. पूर्वपक्ष जोरानें मांडल्यावांचून सिद्धान्त पक्का होत नाहीं, हें शंकराचार्यांच्या भाष्यापासून आपण शिकलों आहों. आमची तक्रार पूर्वपक्ष मांडणाराविरुद्ध नाहीं. पूर्वपक्षाला सिद्धान्त म्हणून उतरून घेणाराविरुद्ध आहे. भाष्याच्या पोथींतून पूर्वपक्षाचें एक पान सुटें काढून तें आचार्यांचें मत म्हणून दाखविणारास आपण काय म्हणूं? इंग्रजी पार्लमेंटचीं भाषणें उतरून घेतांना असेंच घडत आलें आहे.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत पोंचतो. जेम्स मॅकिन्टॉश यानें १७९१ त फ्रेंच राज्यक्रांतीचा कैवार घेऊन बर्कला उत्तर लिहिलें, आणि पुढें कांहीं वर्षांत तें मत सोडलें. लोकांनीं त्यास वेडरबर्नच्या पंक्तीस बसविलें. १८०४ त तो मुंबईचा रेकॉर्डर म्हणून आला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरच्या २६ तारखेस त्यानें लिटररी सोसायटी स्थापन केली. तीच आज मुंबईची एशियाटिक सोसायटी होय. १८११ त तो परत गेला, पार्लमेंटांत शिरला, आणि फांशीच्या शिक्षेचे कायदे सौम्य करण्यासाठीं झटला. त्या कामांत त्यास कोणी अशील नव्हता.

सॉमरसेटच्या बाजूनें बोललेल्या वकिलांत फ्रान्सिस हारग्रेव्ह नांवाचा एक तरुण होता. तो राजकारणांत पुढें आला नाहीं. त्यानें राजकीय खटल्यांचा मोठा संग्रह संपादून छापला, आणि कायद्याचीं हस्तलिखितें जन्मभर जमविलीं. १८१३ सालीं तो ग्रंथसंग्रह पार्लमेंटनें ८,००० पौंडांस घेऊन ब्रिटिश म्युझियमांत ठेविला. ज्यांच्या भाषणांविषयीं आम्हीं एवढें लिहिलें, त्यांतील कित्येकांचे शब्द तपासावयाचे तर हारग्रेव्हच्याच छापील व हस्तलिखित संग्रहांकडे जावें लागतें.

म्हणून वकील-मुत्सद्द्याचा कागद हातीं आला असतां तीन गोष्टी प्रथम टिपून ठेवाव्या, अशी आमची सूचना आहे: कागदाची तारीख व त्या दिवशींचा लिहिणाराचा हुद्दा, तो हुद्दा मर्जीचा कीं कायमचा, आणि त्या वचनानें त्यास लाभ झाला कीं हानि. हींच तीन टिपणें पुणें, हैदराबाद व दिल्ली येथील आमच्या वकिलांच्या अखबारांवर व पत्रांवरहि करून पाहावीं. त्यांतील कोणतीं वाक्यें धन्यास खूष करण्यासाठीं लिहिलीं गेलीं आणि कोणतीं लिहिणाराच्या जिवावर बेतूं शकलीं असतीं, हें त्यावरून बऱ्याच अंशीं उलगडेल.